उजळ आणि उजेड

आमच्या बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याची दृष्टी प्रथम जेथे जाईल अशा जागी, आमच्या मातोश्रींची एक रंगीत तसबीर टांगलेली आहे. येणारे-जाणारे ती पाहतात आणि "काय तेज आहे हो चेहऱ्यावर!" असे म्हणून आम्हांस धन्य करितात. आम्ही मान डोलावितो आणि आत चहा सांगतो. पन्नासांहून अधिक वर्षे हा क्रम बिनबोभाट चाललेला आहे. त्या तसबिरीतील तेज आमच्या मातोश्रींचे नव्हे, हे ठाऊक असलेला मनुष्य आता या घरात आमच्यावाचून दुसरा उरलेला नाही; आणि आजवर आम्ही ते कोणापाशी बोललोही नव्हतो. गेल्या कार्तिकात मात्र ते बोलण्याची पाळी आमच्यावर आली. ती का आली हे सांगावयाचे तर आमच्या नातीच्या एका चित्रापासून आरंभ केला पाहिजे.

आमचे घर गुरुकुंज मोझरीस आहे. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, तिवसा तालुक्यात हे गाव लागते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला आणि तेव्हापासून साध्या मोझरीची गुरुकुंज मोझरी झाली. आमचा जन्म चित्रकलेच्या मास्तरकीत गेला. पेला, घडा, केळे आणि चौकोनी खोका यांवर छाया कशी घालावी, हे आम्ही शेकडो मुलांस शिकविले, आणि एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांच्या पैलतीरास त्यांना पोहोचविले. त्यांपैकी किती जणांनी पुढे पेन्सिल हाती धरली हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारीत नाही. म्हातारपणी झोप नीट लागावी असे ज्याला वाटते, त्याने असले प्रश्न विचारू नयेत.

आमची नात पुण्यास असते. खेळांतील आणि मुलांच्या पुस्तकांतील पात्रे रेखाटणे हा तिचा व्यवसाय आहे. आमच्या वेळी चित्रे काढणारास लोक "ते ठीक, पण पोटापाण्याचे काय करता?" असे विचारीत. हिला तसे कोणी विचारीत नाही, हे पाहून आम्हांस आनंदही होतो आणि किंचित हेवाही वाटतो. गेल्या आश्विनात, वद्य पंचमीस येणाऱ्या महाराजांच्या पुण्यतिथीच्या सुमारास, ती चांगली महिनाभर राहावयाचे म्हणून घरी आली. बरोबर कागद नाही, कुंचला नाही, रंगाची वाटी नाही. एक काळ्या पाटीसारखा टॅब्लेट आणि शाई नसलेली एक लेखणी, एवढाच काय तो तिचा संसार. लेखणी दाबली की रेघ जाड होते, हलकी धरली की केसासारखी बारीक. केलेली चूक एका खुणेसरशी नाहीशी होते. आमच्या विद्यार्थिदशेत जलरंगाचा एक हात चुकला की अख्खा कागद फुकट जाई आणि घरी कागदाचा हिशेब द्यावा लागे. ते आठवून आम्ही त्या पाटीकडे प्रथम थोड्या आकसानेच पाहिले, हे कबूल केले पाहिजे.

दोन दिवसांत आमच्या ध्यानात आले की मुलगी नेहमीसारखी बोलत नाही. खोदून विचारल्यावर तिने पाटी आमच्यापुढे ठेविली. मुलांच्या एका पुस्तकासाठी तिने नायिका रेखाटली होती. नायिका कोण, तर वऱ्हाडातील कापूस वेचणारी बाई. प्रकाशकांनी चित्र परत पाठविले होते आणि खाली दोनच वाक्ये लिहिली होती: बाई शेतातली वाटत नाही, सावल्या मेलेल्या आहेत.

"आजोबा, शेतातली वाटत नाही म्हणजे काय?" ती म्हणाली. "मी चेहरा पणजीचाच घेतला आहे. रंगसुद्धा मनाने नाही लावला, आपल्या तसबिरीतूनच उचलला."

रंग उचलला हा शब्दप्रयोग वाचकांस चमत्कारिक वाटेल, आम्हांसही वाटला. परंतु त्या यंत्रात तशी सोय असते. कोणत्याही चित्रातील वा फोटोतील ठिपक्यावर लेखणी टेकविली की तेथील रंग जसाच्या तसा आपल्या कुंचल्यात येतो. तिने तसबिरीचा फोटो घेऊन मातोश्रींच्या गालावर अशीच लेखणी टेकविली होती, आणि गालाचा तो गुलाबी गोरा रंग आपल्या नायिकेस चढविला होता. हे ऐकताच आमच्या छातीत धस्स झाले. त्या वेळी खरे बोलावयास हवे होते. पण मनुष्य अशा प्रसंगी जे करितो तेच आम्ही केले. रंगाचा विषय टाळला आणि सावल्यांवर व्याख्यान सुरू केले.

व्याख्यानास जागा होती, यात संशय नाही. नातीच्या चित्रात दोन दोष उघड दिसत होते. पहिला असा की तिने प्रत्येक अवयवाच्या कडेकडेने काळोख भरला होता आणि मध्यभाग फिका ठेविला होता. त्यामुळे गाल, दंड, मनगट, सारेच कापूस भरलेल्या उशीसारखे फुगलेले दिसत होते. उजेड कोणत्या बाजूने येतो याचा त्या सावल्यांना पत्ताच नव्हता. छाया ही वस्तूच्या कडेला बसत नसते. उजेडाकडे जिची पाठ असेल त्या बाजूला ती बसते. हे आम्ही घड्यावर आणि केळ्यावर चाळीस वर्षे शिकविले होते. तेच आता एका नायिकेच्या नाकावर शिकवू लागलो.

दुसरा दोष सूक्ष्म होता. सावली करावयाची म्हणून तिने त्वचेवर पातळसा करडा रंग फासला होता. करडा रंग खालच्या रंगात असा मिसळला की त्वचेतला तांबूसपणा मरतो आणि मागे राख उरते. प्रकाशकांस सावल्या मेलेल्या वाटल्या त्या यामुळे. "मग मल्टिप्लाय करू का?" असे नातीने विचारले. आम्ही अर्थातच त्याचा अर्थ विचारला, आणि मग पुढील अर्धा तास गुरु-शिष्यांच्या जागा बदलल्या.

तिने सांगितले ते असे. या पाटीवर प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठविलेला असतो. प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंत जातो. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग होतात. चित्र एकाच कागदावर नसते. काचांवर काचा ठेवाव्यात तसे त्याचे थर असतात. एका थरावर रेघा, दुसऱ्यावर अंगचा रंग, तिसऱ्यावर सावली. सावलीच्या थरास गुणाकाराची आज्ञा दिली, की वरचा आकडा खालच्या आकड्याने गुणून २५५ ने भागला जातो आणि जे उत्तर येईल तो रंग डोळ्यांस दिसतो. वरचा थर पांढरा असेल तर खालचा रंग जसाच्या तसा राहतो. वरचा जितका गडद, तितका खालचा गडद होतो.

आम्ही पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. समजा सावळ्या त्वचेचे आकडे १५०, ९६ आणि ६६ आहेत. तिच्यावर १२८ चा करडा थर गुणला तर ७५, ४८ आणि ३३ उरतात. तिन्ही आकडे सारख्याच प्रमाणात निम्मे झाले. आता करड्याऐवजी ११०, १२८ आणि १७० असा निळसर थर घेतला तर ६५, ४८ आणि ४४ उरतात. दोन्ही सावल्यांचा काळोख जवळजवळ सारखाच. पण पहिली सावली बंद खोलीतील आहे, आणि दुसरीत आभाळ आहे. कारण उघड्या रानातल्या सावलीत सूर्य पोहोचत नसला तरी आकाश पोहोचते, आणि आकाश निळे असते. सावली म्हणजे उजेडाचा अभाव, असे आपण समजतो ते बरोबर नाही. एक उजेड अडला म्हणजे दुसरा जो मंद उजेड उरतो, त्याचे नाव सावली.

हे थर पाहून आम्हांस राजा रविवर्म्याच्या छापखान्याची आठवण झाली. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्या छापखान्यात एकेका रंगासाठी एकेक दगड तयार करीत, आणि कागद दगडामागून दगडाखाली जाऊन शेवटी त्यावर लक्ष्मी-सरस्वती प्रगट होत. नातीचे थर म्हणजे तेच दगड, फक्त वजनाने हलके झालेले. त्याच्याही मागे जावे तर विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात छाया घालण्याच्या क्रियेस वर्तना म्हटले आहे आणि तिचे पत्रज, आहैरिक व बिंदुज असे तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची छाया, अत्यंत बारीक रेघांची छाया, आणि ठिपक्यांची छाया. आमच्या वऱ्हाडच्या सीमेपलीकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी उभा आहे. त्याच्या नाकावर उजेड कसा ठेविला आहे हे ज्याने एकदा पाहिले, त्याला छाया ही युरोपातून आलेली वस्तू आहे असे कोणी पटवू शकणार नाही. अलीकडच्या काळात रघुवीर मुळगावकरांनी फवाऱ्याच्या रंगाने चेहऱ्यावरील छाया अशी विरघळविली की तिचा आरंभ आणि अंत हातास लागू नये. तर त्यांचे समकालीन दीनानाथ दलाल यांनी सपाट रंग आणि ठसठशीत रेषा यांवर आपली चित्रे उभी केली. आम्ही नातीस म्हणालो, "दोघांकडूनही घे. गालाचा गोलवा हळूहळू अंधारत जातो, तेथे मऊ कड हवी. पण पदराची सावली गळ्यावर पडते ती सुरीने कापल्यासारखी. सगळ्याच कडा मऊ केल्यास, म्हणून तुझ्या बाईस हाड राहिले नाही."

एवढे झाले तरी चित्र सुधारेना. सावली कोठे घालावी हे कळले. कोणत्या रंगाची, हे खोलीत बसून कळण्यासारखे नव्हते. पुण्यतिथीच्या दिवशी आम्ही आश्रमाकडे गेलो. त्या दिवसांत येथे गावोगावहून माणसांचा पूर लोटतो आणि गुरुदेव सेवकांच्या भगव्या टोप्यांनी मैदान फुलून जाते. गर्दीत उभी असताना नात एकाएकी आमची बाही ओढून म्हणाली, "आजोबा, कपाळ बघा!" पुढे एक म्हातारे गृहस्थ उन्हाकडे तोंड करून उभे होते. टोपीच्या कडेखाली, कपाळाच्या वरच्या पट्टीत, त्वचेचा रंग सावळा नव्हता की काळसर नव्हता; तेथे भगव्याची झाक आली होती. मग दुसऱ्याचे कपाळ पाहिले, तिसऱ्याचे पाहिले. ज्याच्या-त्याच्या कपाळावर त्याच्या टोपीने आपला थोडा थोडा रंग सांडला होता. इतकी वर्षे आम्ही या गर्दीत उभे राहिलो, पण ही गोष्ट आमच्या नजरेस आली नव्हती. आम्ही मास्तर होतो. पाहावे कसे हे शिकविण्याच्या भरात पाहावयाचे राहून गेले असावे.

दिवाळी झाली आणि आमच्या लहानशा शेतात कापसाची वेचणी सुरू झाली. नात रोज दुपारी पाटी घेऊन शेतावर जाऊ लागली. आमच्याकडे एक बाई पुष्कळ वर्षांपासून वेचणीस येते. तिचे नाव येथे देत नाही. नातीप्रमाणे तिला मावशी म्हणू. मावशी रंगाने चांगली काळी आहे. नातीने तिला विनंती केली, आणि दिवसाचे काम आटोपल्यावर मावशी संकोचत, हसत, कापसाच्या गंजीशेजारी बसली. चारचा सुमार होता.

तेथे त्या अर्ध्या तासात आमच्या नातीने जे पाहिले आणि तिच्या मागे उभे राहून आम्ही जे पाहिले, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळी विद्या त्यात आहे. उन्हाकडचा गाल तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा तांबूस दिसत होता. कपाळावर, जेथे घाम होता तेथे, निळसर पांढरा डाग चमकत होता. तो त्वचेचा रंग नव्हता, ते वरचे आकाश होते. गोऱ्या त्वचेवर हा डाग आसपासच्या रंगात हरवून जातो. काळ्या त्वचेवर तो आरशासारखा उठून दिसतो, म्हणून सावळी माणसे रंगविताना अशा चमकीवर अर्धे चित्र उभे राहते. कानाच्या पाळीतून मागचे ऊन आरपार येऊन ती लाल झाली होती. तेथे जणू रक्तच दिवा लावून बसले होते. आणि हनुवटीच्या खाली, जेथे आम्ही आयुष्यभर सर्वांत गडद छाया घालावयास शिकविले, तेथे मंद पांढरा उजेड होता. तो गंजीचा. कापसावर पडलेले ऊन उलटून मावशीच्या हनुवटीस खालून उजळीत होते.

नातीने मावशीस जरा वळून काळ्या मातीकडे तोंड करावयास सांगितले. तत्क्षणी हनुवटीखालचा तो उजेड मावळला. आमची काळी माती पाणी धरून ठेवते तसा उजेडही पिऊन टाकते, काही परत देत नाही. पुन्हा गंजीकडे वळविले. उजेड पुन्हा आला. असे आम्ही तिला तीन-चारदा वळविले. मावशीस हा काय खेळ चालला आहे ते कळेना. "मले भोवरा समजता काय गुरुजी?" असे ती म्हणाली, आणि तिघेही हसलो.

चित्र तेथेच सुरू झाले आणि चार-पाच दिवस चालले. नातीने या वेळी रंगास आरंभी हातच लाविला नाही. आधी काळा, पांढरा आणि मधले तीन करडे एवढ्यांतच सगळे चित्र बसविले. कारण उजेड-काळोखाची मांडणी चुकली असेल तर कितीही रंग ओतले तरी ती लपत नाही. मांडणी बसल्यावर त्वचेचा एक थर दिला. त्यावर आकाशाच्या निळसर सावलीचा गुणाकार. त्यावर गंजीच्या उजेडाचा वेगळा थर. कानाचा लाल वेगळा. कपाळावरची चमक सर्वांत शेवटी आणि अगदी थोडी. चित्र डोळ्यांदेखत जिवंत होऊ लागले. नायिकेस नाक मातोश्रींचे होते, पण अंगकांती आता मावशीची होती. त्या दिवसांत आमची नात पुन्हा पूर्वीसारखी बडबड करू लागली, आणि आम्ही मनात म्हटले की चला, तसबिरीची गोष्ट सांगण्याचे संकट टळले.

ते टळले नव्हते. चित्र पुरे झाल्यावर नातीने ते मावशीस दाखविले. मावशीने पाटी दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. मग ती म्हणाली, "नाक बेस आलं, डोये बेस आले. पन ताई, थोडं उजय करा ना. एवढी कायी दिसतो काय मी?"

वऱ्हाडी जिभेवर ळकाराचा यकार होतो. उजळचे उजय आणि काळीचे कायी. नातीचा चेहरा उतरला. तिने जे कष्टाने खरे केले होते, ते ज्याचे होते त्यालाच नको होते. आमची स्थिती तिच्याहून वाईट झाली. कारण ते वाक्य आम्ही ओळखीत होतो. ते आम्ही स्वतः उच्चारलेले होते.

१९६७ साली आम्ही अमरावतीस शिकत होतो. आईचा एक फोटो काढविला आणि तो रंगवून घेण्यासाठी फोटोवाल्याकडे दिला. त्या काळी काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातांनी रंग चढवीत. काडीस कापूस गुंडाळून पारदर्शक रंगाचा बोळा हलक्या हाताने फिरवावयाचा, की खालची छाया तशीच राहून वर रंग येई. फोटोवाल्याने विचारले, "अंगाचा रंग कसा?" आई आमची काळी होती. चांगली काळी, मावशीसारखी. आमच्याबरोबर वर्गातले दोन मित्र होते. आम्ही म्हणालो, "थोडा उजळ करा." त्याने तो पुष्कळच उजळ केला. तसबीर घरी आणून आईपुढे धरली तेव्हा तिने ती निरखून पाहिली आणि अगदी साधेपणाने विचारले, "बाई देखनी हाये. कोन होय हे?" आम्ही थट्टा समजून हसलो. ती थट्टा होती की नव्हती, याचा निर्णय आम्हांस आजतागायत झालेला नाही. चार वर्षांनी आई गेली. तिचा दुसरा फोटो आम्ही काढला नाही.

हे सर्व आम्ही त्या सायंकाळी शेताच्या धुऱ्यावर बसून नातीस सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुमचा रंग उचलला, पणजीचा नाही." याहून नेमके आम्हांस कोणी काही सुनावले असेल, असे आठवत नाही.

पण मावशीचे काय करावयाचे? आम्ही म्हणालो, "आपले खरे आहे ते खरे, बदलू नकोस." नात म्हणाली, "आजोबा, पण चित्र तिचे आहे. तिला ते आवडू नये, हे कसे चालेल?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते मिळाले एका जुन्या पुस्तकी गोष्टीतून. मिशेल शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ विणमाग-कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. तेथील काळ्या रंगास गडदपणा नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासले, तेव्हा रंगात काही खोट नव्हती. शेजारी जे रंग विणले जात होते त्यांमुळे काळा फिका भासत होता. कोणताही रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो, हा नियम त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. ही गोष्ट आम्ही वर्गात दरवर्षी सांगत असू. तिचा उपयोग शेताच्या धुऱ्यावर होईल असे वाटले नव्हते.

मावशीच्या चित्रात चेहऱ्यामागे काय होते? पांढरीशुभ्र गंजी. एवढ्या पांढऱ्यापुढे कोणतीही त्वचा आहे त्याहून दुप्पट काळी दिसावयाचीच. मावशी उगाच तक्रार करीत नव्हती. तिचा डोळा बरोबर सांगत होता, फक्त कारण निराळे होते. नातीने त्वचेचा थर कुलूप लावल्यासारखा बंद केला, म्हणजे त्यातील एक आकडाही बदलू नये. मग गंजी चेहऱ्यामागून काढून पुढे, मांडीजवळ आणली. मागे पऱ्हाटीची गडद हिरवी झाडे आणि त्यांच्या सावल्या घातल्या. गालावरचे ऊन सायंकाळच्या पिवळ्याकडे नेले आणि हनुवटीखालचा उजेड किंचित वाढविला. बस्स, इतकेच. चेहरा गडद हिरव्यातून पुढे आला आणि दिवा सारावा तसा दिसू लागला.

मावशीस दुसऱ्या दिवशी दाखविले. "आता कसं!" ती म्हणाली, मग थोडे थांबून, "काया तं कायाच हाये, पन उजेडात हाये." एवढे बोलून ती वेचणीस गेली. ती पूर्ण प्रसन्न झाली होती असे आम्ही म्हणणार नाही. पण पदर सावरून जाताना तिने पाटीकडे पुन्हा एकदा वळून पाहिले, हे आम्ही पाहिले.

आपल्या भाषेत उजळ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उजेडाचा, एक गोरेपणाचा. दोहोंची गल्लत आपण इतकी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे की मुलगी दाखविताना, मूर्ती रंगविताना, आईचा फोटो सजविताना आपण उजेड मागतो आणि गोरेपणा पदरात पाडून घेतो. चित्रकाराच्या हाती या दोहोंचे थर वेगळे असतात. त्वचा ज्याची त्याची असते. तिच्यावर उजेड किती आणि कोठून पाडावयाचा, एवढेच काय ते आपले काम. आम्ही फोटोवाल्यास "थोडा उजेड वाढवा" म्हणालो असतो, तर भिंतीवर आज आई असती.

चित्र पुस्तकासाठी स्वीकारले गेले. जाण्याच्या आदल्या रात्री नात पाटी घेऊन आमच्याजवळ बसली. म्हणाली, "आजोबा, पणजीचा रंग सांगा. मी करून ठेवते. तुमच्यानंतर कोण सांगणार?" तिने मातोश्रींच्या गालाचा एक तुकडा पडद्यावर मोठा करून दिला आणि तांबडा, हिरवा, निळा असे तीन काटे आमच्या हाती दिले. आम्ही ते मागे-पुढे सरकवू लागलो. एकदा वाटले हाच. चष्मा पुसून पाहिले तर नव्हे. एकदा भाकरीच्या पिठाने माखलेले हात आठवले, ते पिठामुळे फार काळे दिसत. एकदा न्हाऊन आल्यावरचा ओला दंड आठवला, तो निराळाच. प्रत्येक आठवणीत रंग वेगळा, कारण प्रत्येक आठवणीत उजेड वेगळा. तासाभराने आम्ही तीन आकड्यांवर थांबलो. सकाळी उठून दिवसाच्या प्रकाशात पाहिले, तर ते पुन्हा चुकल्यासारखे वाटले.

आम्ही ते खोडले नाहीत. नात बसने गेल्यावर तसबीर भिंतीवरून उतरविली, आणि तिच्या पाठीच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने ते तीन आकडे लिहिले. नुसते आकडे लिहून भागणार नाही हे आता आम्हांस कळले होते. म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली: दुपारचे चार, कार्तिक महिना, समोर कापूस. मग तसबीर पुसून परत जागेवर टांगली. आता कोणी "काय तेज आहे हो!" म्हणाले, की आम्ही चहा सांगण्यापूर्वी ती उलटी करून दाखवितो.